धंदा त्यांचा आहे ना?

काल लोकलमध्ये अटलांटाच्या फिअरलेस फंडबद्दल वाचलं आणि डोकंच फिरलं. अमेरिकेत व्हेंचर फंडिंगमधला, म्हणजे गुंतवणूकदार नव्या धंद्यांत घालतात त्या पैशातला, 1 टक्कासुद्धा कृष्णवर्णीय बायकांच्या वाट्याला येत नाही, म्हणून हा फंड त्यांना 20,000 डॉलरची ग्रँट द्यायचा, तर 2023 मध्ये त्याच्यावरच भेदभावाची केस झाली, तीही 1866 च्या कायद्याखाली, जो गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठीच केला होता! 2024 मध्ये सेटलमेंट झाली, ग्रँट बंद.

मला आमच्या लालबागच्या वहिनीच आठवल्या. मालवणी मसाला करतात, हाताची आग रात्रीपर्यंत जात नाही, लोन मागायला गेल्या तर साहेबांचा पहिला प्रश्न, मिस्टर काय करतात? यंदा मी त्यांना चार किलोचे पैसे आधीच दिलेत, कारण बेडगी मिरची भरायला पैसा आत्ता लागतो, मसाला विकल्यावर नाही.