तुम्ही विचारलंत म्हणून: नाना शंकरशेट कुठून निवडून आले होते?

मुंबईतले एकोणिसाव्या शतकातले व्यापारी पुढारी नाना शंकरशेट यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. सरळ उत्तर: कुठूनच नाही. नाना 31 जुलै 1865 ला गेले आणि मुंबईच्या करदात्यांनी नगरपालिकेसाठी पहिल्यांदा मत दिलं ते 1873 मध्ये. तेही सगळ्यांनी नव्हे, वर्षाला निदान 50 रुपये पट्टी भरणाऱ्यांनी. 64 पैकी 32 जागा त्यांच्या वाट्याच्या, 16 जस्टिसांच्या (म्हणजे सरकारने नेमलेल्या मानद दंडाधिकाऱ्यांच्या), 16 सरकारच्या.

मग मतांशिवाय माणूस पुढारी व्हायचा कसा? आधी पेढी भक्कम लागे. 1822 मध्ये वडील वारले आणि एकोणिसाव्या वर्षी सारा व्यवहार नानांच्या अंगावर आला. शाळा काढायची, वर्गणी जमवायची, तर ज्याच्या शब्दावर बाजार पैसे मोकळे करतो असा माणूस सरकारलाही हवा असे. नेमणुका तिथून सुरू होत. ख्रिस्ती नसलेल्यांना ग्रँड ज्युरीत, म्हणजे खटला चालवावा का हे ठरवणाऱ्या पंचमंडळात, बसायला बंदी होती. 1832 च्या कायद्याने ती उठली आणि जस्टिस ऑफ द पीस होण्याची वाटही हिंदी लोकांना मोकळी झाली. नाना अशा पहिल्या जस्टिसांपैकी एक. हे पद नुसतं मिरवायचं नव्हतं, शहराची सफाई नि रस्ते यांचा कारभार पुढे जस्टिसांकडे बराचसा आला.

नेमलेला माणूस होयबाच असणार, असा आपला समज. 1840 मध्ये झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवर, म्हणजे सरकारी शिक्षणाचा कारभार बघणाऱ्या मंडळावर, नाना होते. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. त्यांचं म्हणणं, पैसा थोडा आहे, तो इंग्रजी शिक्षणावर घाला. नानांनी उलट बाजू घेतली: सामान्य मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवा. बोर्डातले इंग्रज सदस्य कर्नल जर्विसही नानांच्या बाजूचे होते, त्यामुळे हा गोरे विरुद्ध काळे असा सामना नव्हता. बोर्डात उघड फूट पडली. माझ्या मते नानांचं खरं राजकारण इथे दिसतं, मुंबईत रेल्वे आणण्यातल्या त्यांच्या वाट्याच्या गोष्टी सांगतात, त्यांत तेवढं नाही.

दुसरं हत्यार अर्जाचं, आणि त्यात वेळ साधावी लागे. ईस्ट इंडिया कंपनीची सनद, म्हणजे कारभार करायचा पार्लमेंटचा परवाना, वीस वर्षांनी नवी होई: 1813, 1833, मग 1853. पार्लमेंट हिंदुस्थानच्या कारभाराकडे नीट बघे ते तेव्हाच. म्हणून बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था उभी राहिली 26 ऑगस्ट 1852 ला. अध्यक्ष नाना, चिटणिसांत डॉ. भाऊ दाजी. सनद व्हायच्या आत अर्ज विलायतेत पोचवायचा होता. अडचण घरातूनच आली. सरकारशी वाकडं नको म्हणून काही बडे शेठ मागे सरले. व्यापाऱ्याच्या राजकारणाची ही कायमची दुखरी नस.

1862 मध्ये नानांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात घेतलं. मोठा मान खरा, पण 1861 च्या कायद्याप्रमाणे समोर आलेल्या मसुद्यापुरतंच बोलायचं. सरकारला प्रश्न विचारता येत नव्हता, अंदाजपत्रकावर चर्चा नव्हती. ती मुभा 1892 ला आली. त्यामुळे नानांचं काम तपासायचं असेल तर कौन्सिलच्या कामकाजापासून सुरुवात करू नका. आधी शिक्षण बोर्डाचे जुने अहवाल आणि असोसिएशनचे अर्ज काढा.