साडेतीनशेचा पास आणि धुळ्याला गेलेला ओटीपी

टोलनाक्याजवळ राहणाऱ्यांना महिन्याचा स्वस्त पास मिळतो, हे नाशिक-सिन्नर रस्त्यावरच्या आमच्या पळसे-शिंदे भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो काढताना नक्की कुठे अडतं, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून लिहितोय. पास हातात आहे, पण डोकं अजून गरम आहे.

आधी कागदाचं सांगतो, ते सोपं आहे. गाडी खासगी हवी, पांढऱ्या पाटीची. राहतं घर नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत हवं. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आणि पत्ता असलेलं आधार न्यायचं. 2025-26 मध्ये या पासचा दर महिन्याला 350 रुपये होता, आदल्या वर्षी 340. 2008 च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत मूळ आकडा 150 रुपयांचा आहे. तो 2007-08 सालचा पाया धरून महागाईप्रमाणे दरवर्षी वाढत आलाय. पास एकाच नाक्यावर चालतो, पण तिथून महिनाभर कितीही वेळा जा.

आता माझी गरज. मी पळशाला राहतो, नोकरी सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत. कंपनीची बस होती तोवर टोलनाका म्हणजे खिडकीतून दिसणारी रांग, एवढाच संबंध. त्याआधी मोटरसायकल होती आणि दुचाकीला टोल नाही, नाक्याच्या कडेच्या पट्टीतून निघायचं. मग कंपनीने बस बंद केली. मोहदरी घाट, त्यात पावसाळा आणि उसाचे ट्रॅक्टर. घरच्यांनी मोटरसायकलला सरळ नाही म्हटलं. गाडी दारात उभीच होती, रविवारी त्र्यंबक नाहीतर वणीला जाण्यापुरती. ती रोज बाहेर काढायची ठरली तेव्हा पहिल्यांदा टोलचा हिशेब मांडला.

शिंदे नाक्यावरच्या खिडकीत कागद दिले. पोरगा तरुण होता, बोलायला नीट. कागद बघून म्हणाला, "काका, पत्ता बसतोय तुमचा, गाडी पण बसते." मग काचेवरचा फास्टॅग स्कॅन करून त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. गाडीच्या नंबराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ होती. "हा चेसिस नंबर आहे, गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला. टॅगवर आरटीओचा एमएच पंधरावाला नंबर दिसला पाहिजे. बँकेतून बदलून आणा, दोन मिनिटांत पास देतो." त्याची चूक काहीच नव्हती. पासची नोंद ज्या नंबरावर करायची तो नंबरच टॅगवर नव्हता.

हे असं का होतं ते सांगतो, कारण नव्या गाडीवाल्यांपैकी बऱ्याच जणांच्या काचेवर हाच घोटाळा चिकटलेला असणार. 1 डिसेंबर 2017 पासून विकल्या गेलेल्या नव्या चारचाकीला डीलरनेच फास्टॅग लावून द्यायचा, असा नियम आहे. पण शोरूममधून गाडी निघते तेव्हा तिला आरटीओचा नंबर मिळालेला असतोच असं नाही. मग टॅग 17 अक्षर-आकड्यांच्या चेसिस नंबरावर निघतो आणि नंबर आल्यावर तो बँकेत चढवायचा असतो. कुणी चढवायचा? डीलर म्हणतो गिऱ्हाइकाने, गिऱ्हाईक समजतं डीलरने केलं असेल. 1 ऑगस्ट 2024 पासून नव्या गाडीचा नंबर 90 दिवसांत चढवायची सक्ती झाली. माझी गाडी त्याच्या आधीची. रिचार्ज करताना चेसिस नंबर टाका असं डीलरने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. पैसे जमा होत होते, नाक्यावर फाटक उघडत होतं, मग शंका कशाला येईल?

बँकेचं नाव घेत नाही. खासगी आहे, मोठी आहे आणि तिच्या जाहिरातीत सगळं एका क्लिकवर होतं.

ग्राहक सेवेला फोन लावला. गाडीचा नंबर टाका, म्हणे. टाकला, तर या नंबरावर टॅगच नाही. बरोबर आहे, तेच तर सांगायला फोन केला होता! बऱ्याच बटणांनंतर माणूस भेटला. त्याने चेसिस नंबर घेतला, टॅग सापडला, मलाही बरं वाटलं. मग म्हणाला, "सर, तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा." फोन हातातच होता. काहीच आलं नाही. परत पाठवला. नाहीच. नोंदवलेला मोबाइल कोणता ते विचारलं, तर ते सांगता येत नाही, सुरक्षिततेचं कारण. शेवटचे दोन आकडे तरी सांगा म्हटलं. ते सांगितले आणि ते माझे नव्हते. घरातल्या कुणाचेच नव्हते.

शोरूमला गेलो. तिथल्या बाईंनी जुनी फाइल काढली आणि न लाजता सांगितलं, की डिलिव्हरीच्या घाईत सेल्समन लोक आपलाच मोबाइल टाकायचे, ओटीपी लगेच मिळतो म्हणून. म्हणजे माझ्या गाडीच्या टॅगचा कागदोपत्री फोन एका सेल्समनचा. तो सेल्समन कुठाय? नोकरी सोडून धुळ्याला गेला, दुसऱ्या कंपनीच्या गाड्या विकतो. इतके दिवस टोल कापल्याचे माझे मेसेज कुठे जात होते, याचं उत्तर त्या दिवशी मिळालं. मी रविवारी कुठे-कुठे फिरतो ते धुळ्यात एका माणसाला माहीत होतं.

त्याचा नंबर मिळवला. माणूस भला निघाला. "साहेब, मला अजून पाच-सहा गाड्यांचे मेसेज येतात, मी बघत पण नाही आता." ओटीपी द्यायला तयार होता. पण गंमत अशी, की ओटीपी काही मिनिटांत मरतो. बँकेचा माणूस लाइनवर येईपर्यंत हा गिऱ्हाइकाला घेऊन टेस्ट ड्राइव्हला गेलेला. हा मोकळा असला की तिकडे सनई वाजत असायची, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. शेवटी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मेळ बसला. मी एका कानाला बँक, बायकोच्या फोनवर धुळे, असा कंपनीच्या गेटबाहेर उभा. त्याने आकडे वाचले, मी पुढे वाचले, तिकडून आवाज आला, "धन्यवाद सर, मोबाइल बदलायची विनंती घेतली आहे. गाडी नंबरासाठी हे पूर्ण झाल्यावर वेगळी विनंती करावी लागेल." दोन्ही एकदम होत नाहीत. का नाहीत, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मोबाइल बदलला. मग नंबराची विनंती. आरसी पुढून-मागून अपलोड केली. नाकारली, फोटो अस्पष्ट. उजेडात काढून परत टाकली. नाकारली, टॅगचा फोटो नाही. हे आधी कुठेही लिहिलेलं नव्हतं. काचेवरच्या टॅगचा फोटो गाडीच्या आतून काढला की बारकोडचा नंबर दिसतो, बाहेरून काढला की काचेची चमक येते. संध्याकाळी सावलीत, आतून, मागे पांढरा कागद धरून काढा. हे मला कुणी सांगितलं असतं तर एक फेरा वाचला असता.

या मधल्या काळात सगळे सांगत होते, टॅग फेकून दे आणि दुसऱ्या बँकेचा घे. आता एका गाडीला एकच टॅग चालतो. शिवाय जुन्या टॅगमधली शिल्लक आणि अनामत सोडवायची तर परत तीच बँक. आणि खरं सांगायचं तर तोवर मी हट्टाला पेटलो होतो. 1033 ला पण फोन केला, तो महामार्ग प्राधिकरणाचा मदत क्रमांक. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि टॅगवरची नोंद बदलणं बँकेच्याच हातात असतं असं सांगितलं.

काम हललं ते एका ईमेलने. फोनवर सांगून काही होत नाही, लेखी लागतं. विषयात तक्रारीचा क्रमांक टाकला. खाली तारखा, नाकारल्याचे स्क्रीनशॉट आणि शेवटी एक सभ्य वाक्य: 30 दिवसांत निराकरण झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवेन. लोकपालाची ही सोय खरी आहे, 2021 पासूनच्या एकात्मिक योजनेत ऑनलाइन आणि फुकट तक्रार करता येते. मला तिथवर जावं लागलं नाही. जी आरसी आधी अस्पष्ट होती तीच त्यांना अचानक स्पष्ट दिसली. टॅगवर एमएच पंधरा आला, त्याचा मेसेज चक्क माझ्याच फोनवर आला, तेव्हा मी शॉप फ्लोअरवर मोठ्याने हसलो आणि सुपरवायझरने वळून बघितलं.

नाक्यावर पास खरंच दोन मिनिटांत झाला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. महिना कोणत्या तारखेला संपतो ते तेवढं खिडकीतच विचारून घ्या. पास संपला की फाटक काही अडत नाही, शिल्लक रकमेतून पूर्ण टोल कापला जातो आणि ते रात्री मेसेज बघताना कळतं.

ऑफिसात मला विचारतात, एवढं करण्यापेक्षा वार्षिक पास का नाही घेतला? तो 15 ऑगस्ट 2025 ला 3000 रुपयांना सुरू झाला, राजमार्गयात्रा ॲपवर मिळतो. एक तर चेसिस नंबरावरच्या टॅगला तोही मिळत नाही. दुसरं म्हणजे गणित करा. त्यात 200 फेऱ्या, आणि जाणं एक, येणं दुसरी. रोज कामावर जाणाऱ्याच्या त्या चार महिन्यांत उडतात. तेवढ्याच चार महिन्यांचा स्थानिक पास साडेतीनशेच्या दराने 1400 ला पडतो. महिन्यातून एक-दोनदा नाशिकहून पुण्याला नाहीतर मुंबईला जाणाऱ्याला वार्षिक पास चांगला. पण समृद्धीवर तो चालत नाही, तो रस्ता राज्याचा. सिन्नरकडून समृद्धीला लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मग टोल परवडतो का? साडेतीनशेचा पास आणि 25 दिवस धरले तर मला रोजचे 14 रुपये पडतात, जाऊन-येऊन. त्या पैशात चौपदरी रस्ता आणि मधे दुभाजक. जुना रस्ता ज्यांनी पाहिलाय ते 14 रुपयांना नावं ठेवणार नाहीत, मी तरी ठेवत नाही. पास नसता तर मात्र ठेवली असती. ज्याला सिन्नरला फक्त दळण-भाजीपुरतं किंवा पोराच्या क्लासपुरतं जायचंय, त्याने पूर्ण टोल का भरावा? वाचलेली मिनिटंही सगळी पदरात पडत नाहीत. नाशिकमध्ये कुणाकडे जायचं असलं की ती द्वारका चौकाच्या कोंडीत परत करावी लागतात, तिथे टोल नाही तरीही.

चहाच्या टपरीवर सगळ्यांना अजून एक नियम पाठ आहे: नाका पालिका हद्दीपासून 10 किलोमीटर लांब हवा, लेखी कारण नोंदवलं तर 5 पर्यंत जवळ चालतो. त्यावर तासभर वाद होतो, कप विसळून होतात, टोल तसाच राहतो. मला त्यापेक्षा केरळचं प्रकरण मोलाचं वाटतं. पालियेक्कारा नाक्यावर रस्ता चालण्यालायक नाही म्हणून तिथल्या हायकोर्टाने ऑगस्ट 2025 मध्ये वसुली थांबवली आणि सुप्रीम कोर्टानेही तो आदेश त्याच महिन्यात कायम ठेवला. खड्ड्यांचे फोटो काढून ठेवायची सवय लावा, एवढंच म्हणतो.

हो, एक राहिलं. पास नाकारायचं नियमातच एक कारण आहे: तुम्हाला सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर पास मिळत नाही. हे कारण सांगून कुणी परत पाठवलं तर तो पर्यायी रस्ता कोणता ते लेखी मागा.

आणि शेजारच्या टुरिस्ट गाडीवाल्याने विचारलं म्हणून सांगतो, पिवळ्या पाटीला हा पास नाही. पण नाक्यावरच्या दरफलकात एक रकाना असतो, जिल्ह्यात नोंदणी झालेल्या व्यावसायिक वाहनांचा. नॅशनल परमिटची गाडी नसेल तर त्यात टोल निम्मा लागतो. एमएच 15 असो की मालेगावची एमएच 41, जिल्हा एकच. त्याला म्हटलं, गेल्या महिन्याचे मेसेज काढ आणि कापलेली रक्कम फलकाशी ताडून बघ. तो म्हणाला, मला टोलचे मेसेजच येत नाहीत. त्याला धुळ्याचा नंबर दिलाय.