तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिमिनॉलॉजीची, म्हणजे गुन्हेगारीशास्त्राची, सुरुवात कुठून करायची?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं पदवीच्या वाटेवर आली की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा बोटांचे ठसे आणि खुनी हुडकणारा चतुर माणूस असतो. ते काम तपास अधिकाऱ्याचं आणि फॉरेन्सिकवाल्यांचं. गुन्हे कुठे आणि केव्हा वाढतात, कशाला गुन्हा म्हणायचं हे कोण ठरवतं, शिक्षेनं फरक पडतो का, हे क्रिमिनॉलॉजीचे प्रश्न. म्हणून आधी मोजायला शिका, सिद्धांत मागाहून.

मोजणीचं साधन म्हणजे ‘क्राइम इन इंडिया’, देशभरच्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या एनसीआरबी या केंद्र सरकारी संस्थेचा वार्षिक अहवाल. 1953 पासून निघतो, फुकट मिळतो. त्यातला दर म्हणजे नोंदलेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. हिशेब सोपा आहे, पण फसायला होतं ते इथेच. चार हजार वस्तीच्या गावात वर्षात दोन खून झाले तर दर लाखामागे 50 येतो. एवढ्यावरून गाव खुनशी ठरत नाही. लहान आकड्यांसाठी पाच वर्षांची बेरीज घ्या. दुसरी खोच भाजकात असते. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत लाखो माणसं येतात, मंगळसूत्रं चोरीला जातात, गुन्हे तिथल्या ठाण्यात चढतात. पण भागाकार होतो तो गावच्या कायम रहिवाशांनी.

तिसरी गोष्ट, एका एफआयआरमध्ये घरफोडीही असेल आणि खूनही, तर तक्त्यात फक्त खून मोजला जातो. आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे ‘नोंदले गेले’ आणि ‘घडले’ यांना एकच समजणं. सायबर गुन्ह्यांसाठी वेगळं सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) ठाणं निघालं की आकडा चढतो, कारण तक्रार द्यायला जागा झाली. खानापूरची तुलना पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडशी करताना हेच ध्यानात ठेवा; दोन राज्यांचे पोलीस, दोन नोंदीच्या सवयी.

कायद्याची नवी-जुनी कलमं शेजारी-शेजारी मांडून ठेवा. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, 511 कलमांची 358 झाली. खुनाचं 302 आता 103 आहे, आणि नव्या संहितेतलं 302 धार्मिक भावना दुखावण्याचं! त्या तारखेआधीच्या घटनांना मात्र जुनंच कलम लागतं, त्यामुळे अजून काही वर्षं दोन्ही वाचावी लागतील.

कशाला गुन्हा म्हणायचं, हा प्रश्न सीमाभागात पुस्तकाशिवाय कळतो. बेळगावात मटका घेताना सापडलात तर कर्नाटक पोलीस कायद्याचं कलम 78(3) लागतं. चोर्ला घाट उतरून पणजीला जा, मांडवीत परवाना घेऊन कॅसिनो चालतात.

मग सिद्धांत. पहिला कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांचा घ्या, 1979 चा: गुन्ह्याला तयार असलेला माणूस, हाताशी येणारं सावज आणि राखणदाराची गैरहजेरी, तिन्ही एका वेळी एका जागी आली की गुन्हा घडतो. बसस्टँडवरच्या मोबाईल चोरीवर लावून बघा, लगेच बसतो. गावकीच्या जमिनीच्या भांडणातल्या खुनावर लावा, तोकडा पडतो. तिथे तुमचा खरा अभ्यास सुरू होतो. कवटीच्या आकारावरून गुन्हेगार ओळखू पाहणारा एकोणिसाव्या शतकातला इटालियन डॉक्टर लोंब्रोसो इतिहास म्हणून वाचा, त्यावर परीक्षेपलीकडे वेळ घालवू नका.

वाचनाबरोबर जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. बहुतेक खटले खुले असतात, बलात्काराचे बंद दाराआड चालतात. मोबाईल बंद, मागचा बाक, वहीत एवढंच: गुन्ह्याची तारीख, आरोपपत्राची तारीख, आजची तारीख, साक्षीदार आला का. वीसेक खटल्यांची अशी नोंद झाली की तारखांमधलं अंतर काढा. इटालियन विचारवंत बेकारियानं 1764 मध्ये शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिच्या तत्परतेवर आणि खात्रीवर भर दिला होता. तो मुद्दा तपासायला तुमच्याकडे आकडे असतील.

पदव्युत्तर शिक्षणासाठी धारवाडला कर्नाटक विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्सचा विभाग आहे. प्रवेशाच्या अटी त्या-त्या वर्षीच्या बघा. आणि कन्नड वाचायला शिका. राजकारण काय ते असो, इथल्या ठाण्यातली फिर्याद आणि महजर, म्हणजे आपला पंचनामा, कन्नडमध्येच लिहिलेला असतो, आणि दुसऱ्याकडून सांगून घेतलेल्या कागदावर अभ्यास होत नाही.