तुम्ही विचारलंत म्हणून: मातीत हात घातला की मन शांत होतं का?

प्रदर्शनात, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, मी सिरॅमिक्स करते म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "अय्या, किती मेडिटेटिव्ह ना! तुम्हाला स्ट्रेस येतच नसेल." एवढ्या वेळा विचारून झालंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

तर नाही. येतो स्ट्रेस. भरपूर येतो.

तुम्ही रील्समध्ये जे बघता ना, चाक फिरतंय, ओले हात, मागे बासरी, ते माझ्या कामातलं सगळ्यात छोटं काम आहे. एक मग चाकावर काढायला मिनिटं लागतात. त्याच्या आधी पन्नास किलोची गोण जिन्यावरून वर आणायची असते, माती भिजवायची, गाळायची, मळायची, आणि मळणं म्हणजे पोळ्यांची कणीक नाही हां, खांद्यातून सगळं वजन टाकून दाबायचं, आतली हवा निघेपर्यंत. चाळिशीनंतर मनगटं बोलायला लागतात. माझ्या ओळखीच्या जवळपास प्रत्येक पॉटरकडे एक फिजिओथेरपिस्ट आहे.

मग काढून झाला की त्याला कान लावायचा, आम्ही हँडलला कानच म्हणतो. आता हा कान बारीक आणि मगाचं अंग जाड, त्यामुळे कान आधी वाळतो, वाळताना आक्रसतो, आणि अंग अजून ओलंच असतं, मग बरोबर जोडावर केसासारखी चीर. म्हणून कानावर प्लास्टिकचा तुकडा गुंडाळायचा, वरून अख्ख्या मगावर पिशवी, ती रोज थोडी थोडी उघडायची. पुण्यात जुलैमध्ये काही वाळतच नाही आणि एप्रिलमध्ये चहा पिऊन येईपर्यंत कडकडीत. माझी स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजून दगडासारखी पक्की होणारी) माती ओली असल्यापासून पक्की भाजेपर्यंत साधारण १२ टक्के लहान होते, म्हणजे तुमच्या हातातला मग आधी चांगला मोठा होता. ज्यांना "थोडा मोठा मिळेल का" हवा असतो त्यांच्यासाठी ही माहिती.

ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, तो कालवताना मास्क लावावाच लागतो. क्वार्ट्झ, फेल्डस्पार, चायना क्ले, सगळी पिठासारखी बारीक पूड, आणि त्यातली सिलिका फुप्फुसात जाऊन बसली की परत येत नाही, सिलिकोसिस होतो. स्टुडिओत केरसुणी चालत नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. बासरीवाल्या रीलमध्ये फडकं कुठंच दिसत नाही, ते जाऊ दे.

आणि भट्टी! पहिली भाजणी, बिस्क, साधारण १००० डिग्रीला. मग ग्लेझ लावून दुसरी, माझी इलेक्ट्रिक भट्टी १२२० च्या आसपास जाते. मध्ये ५७३ डिग्रीला मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते, तो एकदम फुगतो, थंड होताना परत आखडतो, तिथे घाई केली की भांडं तडकतं. म्हणून चढताना सावकाश आणि उतरतानाही सावकाश. रात्री दोनला उठून मी पायरोमीटर, म्हणजे भट्टीचं तापमान दाखवणारा मीटर, बघते. लाइट गेली तर वायरमनला फोन. भट्टी गार व्हायला अख्खा दिवस जातो आणि तोपर्यंत झाकण उघडायचं नाही, तेव्हा मला कोणी भेटायला येऊ नये असं घरच्यांचं मत आहे.

मातीत तल्लीन होणं म्हटलं की मला तर पहिले गोरोबाकाकाच आठवतात. तेरचे गोरोबा माती तुडवताना नामात एवढे रंगले की स्वतःचं रांगतं पोर पायाखाली आलं, हे आपल्याकडे लहानपणीच सांगतात. माझ्या मते मातीच्या कामात ध्यान लावू नये याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. लक्ष द्यावं. बाहेर, मातीकडे. उलट गोरोबांचं थापटणं मला जवळचं. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण कच्चं ते सांगितलं, आणि नामदेव कच्चे निघाले. आम्हीपण बिस्क झालेला मग नखाने वाजवून बघतो, खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठंतरी चीर आहे, दिसत नसली तरी.

अजून एक गोष्ट मला खरंच खटकते. हा प्रश्न धारावीच्या कुंभारवाड्यात कोणी विचारत नाही. सौराष्ट्रातून आलेली ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे धुरात भट्ट्या लावतायत, दिवाळीआधी पणत्यांचे ढीग, आणि त्यांना कोणी म्हणत नाही की काका, किती मेडिटेटिव्ह. तिथे ते काम असतं आणि माझ्याकडे आलं की थेरपी होते. मी इंग्रजी शाळेत गेले आणि एप्रन घालते, एवढाच फरक असावा.

सिरॅमिक कलाकार ज्योत्स्ना भट्ट यांच्या मातीच्या मांजरी बघितल्यात का कधी? जन्म कच्छमधल्या मांडवीचा, काही काळ मुंबईत जे. जे.ला, मग बडोद्याला शिकल्या आणि तिथेच कित्येक वर्षं शिकवलं. २०२० मध्ये गेल्या. त्यांची मांजर अशी निवांत बसलेली असते, मॅट ग्लेझ, उगाच चकाकी नाही, की बघणाऱ्याला वाटतं बाईंनी दुपारी सहज बसून केली असेल. ती शांती मांजरीची आहे हो. करणाऱ्याच्या वाट्याला जाडी, वाळणं आणि भाजणी. आणि पाँडिचेरीचे पॉटर रे मीकर, ज्यांनी डेबोरा स्मिथबरोबर १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, त्यांनी तर कच्च्या मातीच्या विटांची घरं बांधून आत विटा रचून अख्खं घरच भट्टीसारखं भाजलं. दिवसेंदिवस जळणारं घर. विचारा त्यांना शांत वाटलं का.

मग करतेस कशाला, हा पुढचा प्रश्न. उत्सुकता, दुसरं काय. एकच ग्लेझ वरच्या शेल्फवर वेगळं येतं आणि खालच्या शेल्फवर वेगळं. तांबं असलेलं ग्लेझ माझ्या इलेक्ट्रिक भट्टीत हिरवं येतं आणि तेच तांबं गॅसच्या भट्टीत ऑक्सिजन कमी पडू दिला तर लाल होऊ शकतं. इतकी वर्षं झाली तरी झाकण उघडताना माझ्या पोटात गोळा येतो, आणि तो गोळा मला आवडतो. याला शांती म्हणत नाहीत, माझ्या सासूबाई याला व्यसन म्हणतात.

पण हे वाचून क्लासला यायचं रद्द करू नका प्लीज. तुम्हाला रविवारी दोन तास छान शांत वाटेल, गॅरंटी देते, कारण तुमची माती मी मळून ठेवलेली असते, चाक नंतर मी पुसते आणि भट्टीचं बिल मी भरते. फक्त नखं कापून या.