सुचत नसेल, तर डबा हलवा

तुम्ही अनेकदा विचारता, की चित्राला विषयच सुचत नाही तेव्हा मी काय करतो. मी खेळायला लागतो, आणि खेळ शोधण्यासाठी विदर्भातल्या गावांबाहेर जाण्याची गरज मला कधी भासलेली नाही.

माझा सर्वांत आवडता खेळ भुलाबाईचा आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. घरची बाई झाकलेला डबा हलवते; गोड की तिखट, असे विचारत मुली उत्तराच्या जवळ सरकतात, आणि ओळख चुकली की हशा पिकतो. तुम्हीही घरातल्या कुणाला तरी डब्यात एखादी वस्तू लपवायला सांगा, डबा कानाशी हलवा आणि न उघडता तिचे चित्र काढा. जवस सरसरतो, चिंचोके खडखडतात. अशा आवाजाला रेषा देताना डोळ्यांनी पाठ केलेले आकार हाताला साथ देत नाहीत, आणि नेमके तेव्हाच नवे काहीतरी कागदावर उतरते. डबा उघडल्यावर निराळीच वस्तू निघाली, तरी चित्र मुळीच दुरुस्त करू नका.

पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांच्या सणाला चढाओढीने म्हटली जाणारी लोककवने, अशाच उपयोगी पडतात. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, की एका शेतकऱ्याच्या झडतीला दुसरा आपल्या झडतीने उत्तर देतो, आणि ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ हा घोष ठरलेला असल्यामुळे बाकीच्या ओळींत पिकापासून पुढाऱ्यापर्यंत कुणालाही ओढता येते. म्हणून कवीने शेवटची ओळ आधी ठरवावी, चित्रकाराने कागदाचा एक कोपरा आधीच रंगवून टाकावा आणि उरलेल्या जागेत मोकाट सुटावे. कलावंताला एकांत हवा, हे मला अर्धेच पटते. सुचण्यासाठी समोर उलट झडती टाकणारा कुणीतरी हवाच, म्हणून हा खेळ मित्रासोबत खेळा.

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडसा-देसाईगंजच्या परिसरात, रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात. तिथे अवश्य जा, पण एखादा अंक रंगमंचाकडे पाठ करून बसा आणि घोंगडी पांघरून हसणाऱ्या, डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकांचे चेहरे रेखाटा. उजेड कमी असतो, त्यामुळे जाड शिसाची पेन्सिल न्या आणि खोडरबर घरीच ठेवा.