पहिला स्टिरिओ घेताना: अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी

घरी नीट गाणी ऐकायला स्टिरिओ घेतेय म्हटल्यावर प्रत्येकाने एकच विचारलं, किती वॅटचा? आणि माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. मी आधी खोली बघितली, मग स्पीकर ठरवले, आणि तिथपर्यंत आल्यावर स्पीकरला ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे अ‍ॅम्प जवळजवळ आपोआपच ठरला.

खोली लहान, बसायची जागा स्पीकरपासून जेमतेम दोन-अडीच मीटर. उभे टॉवर स्पीकर दिसायला झकास असतात, मन तिकडेच ओढ घेत होतं, पण माझ्याकडे ते भिंतीला चिकटूनच ठेवावे लागले असते आणि भिंतीजवळ बेस, म्हणजे खालचे जाड स्वर, फुगतो, कोपऱ्यात तर विचारूच नका, सगळं गाणं घुमायला लागतं. म्हणून बुकशेल्फ स्पीकर आणि स्टँड. नावात शेल्फ असलं तरी कपाटात कोंबायचे नाहीत हे. पाच-साडेपाच इंची वूफर (स्पीकरमधला जाड स्वरांचा भाग) साधारण ५०-६० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंत, व्यवस्थित उतरतो, बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणजे तो स्वर थोडा हलका येणार, पण वरचे हार्मोनिक्स (त्याच स्वराबरोबर वाजणारे उंच उपस्वर) ऐकू येत असतात त्यामुळे काही गेलंय असं कानाला फारसं जाणवत नाही. नुसता दणका हवा असेल त्यांचं गणित वेगळं.

ऐकून निवडायचं म्हणजे काय हे मी जरा हट्टाने केलं. व्हॉल्यूमचं बटण तिथेच ठेवून दोन स्पीकर लावले की ज्याची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेत किती मोठा वाजतो ते) जास्त तो मोठा वाजतो, आणि जो मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, हे अगदी एखाद्या डेसिबलच्या फरकानेही होतं. त्यामुळे प्रत्येक जोडी बदलली की मी मोबाइलवरच्या मीटरने आवाज सारखा करून घ्यायचे, दुकानदार वैतागला तरी चालेल. आणि गाणीही पाठ असलेलीच, त्यातलं एक तरी नुसत्या गळ्याचं, कारण माणसाचा आवाज कसा असतो हे कानाला पक्कं माहीत असतं. एक जोडी पहिल्या मिनिटात भन्नाट वाटली, झांजा अगदी लखलखीत, पण अर्ध्या तासात प्रत्येक ‘स’ टोचायला लागला. ती बाद.

आता वॅट. मी घेतले त्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की एक मीटरवर एवढा आवाज. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध) स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोब्बर १ वॅट. एका वॅटमध्ये एवढं! मी जिथे बसते तिथे दोन्ही स्पीकर मिळून ८० च्या आसपास तरी पोचतंच, आणि घरात रोज आपण त्याहून हळूच ऐकतो. पुढे मात्र गणित महाग होत जातं, ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट, १० डेसिबलला दहापट. म्हणून ५० वॅट आणि ७० वॅट यात फरक किती तर दीड डेसिबलच्या आत. ज्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. अर्थात अगदीच कमी पण नको, अचानक येणारा ढोलाचा ठोका सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर जातो आणि तिथे अ‍ॅम्प कमी पडला की क्लिपिंग, म्हणजे आवाजाच्या लहरींची टोकं कापली जातात, आणि ते रेटत राहिलं तर ट्वीटरचा (उंच स्वरांच्या छोट्या भागाचा) जीव जातो. एक बारीकशी गंमत, ४ ओहमच्या स्पीकरला तेच २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, त्यामुळे कागदावर त्याची सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबल फुगून दिसते, आणि वर अ‍ॅम्पवर भार जास्त तो वेगळाच.

वॅटचा आकडा कसा लिहिलाय ते पण बघा. ‘१०० वॅट, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल’ असं असेल तर तो आकडा सोडून द्या. डिस्टॉर्शन म्हणजे आवाजाची होणारी मोडतोड. ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनल एकदम चालू आणि डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत, असा लिहिलेला ५० वॅट मला जास्त खरा वाटतो. मी तसाच साधा इंटिग्रेटेड (सगळं एकाच डब्यात असलेला) अ‍ॅम्प घेतला, क्लास एबी की क्लास डी (आतल्या सर्किटचे दोन प्रकार) यात डोकं घातलंच नाही, हल्ली दोन्हीत चांगले असतात. बघितलं ते मागचं पॅनल. टीव्हीसाठी ऑप्टिकल, पुढेमागे सबवूफर (फक्त बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) घ्यावासा वाटला तर सब आउट, आणि टर्नटेबलसाठी, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरसाठी, फोनो हे बारीक सिग्नल वाढवणारं इनपुट, कारण टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) येतात पाचेक मिलिव्होल्ट, सीडी प्लेअर देतो २ व्होल्ट, साध्या इनपुटला टर्नटेबल जोडला तर नुसतं कुजबुजतं.

केबल साधी १६ गेज जाडीची तांब्याची, एवढ्याशा अंतराला पुरते. जोडताना लाल-काळं तेवढं नीट बघायचं. एका स्पीकरची उलटी जोडली की दोन्ही बिघडल्यासारखं काही वाटत नाही, पण बेस गायब होतो आणि गायक मध्ये उभा न राहता खोलीभर पसरतो. मी मुद्दाम एकदा उलटी जोडून ऐकली, फरक डोक्यात बसला.

मग खरं काम, जागा. दोन स्पीकर आणि मी असा साधारण समभुज त्रिकोण, ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला, भिंतीपासून आधी वीतभर पुढे, मग दीड वीत, मग हातभर. हातभरावर घुमणं गेलं पण बेस बारीक झाला, परत मागे. मग तोंडं जराशी आतल्या बाजूला वळवली आणि गळ्याचा आवाज एकदम दोन्हींच्या मधोमध येऊन थांबला. जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवलीय, झाडताना सरकले की परत तिथेच ठेवता येतात. सबवूफरचं तूर्त नाव काढलेलं नाही.