आळस आहे की खरंच जमत नाहीये?

"लेकीला डिस्लेक्सिया आहे ते ठीक, पण ती आळस करतेय की खरंच जमत नाहीये हे घरी कळतं कसं?" नातेवाईक विचारतात, तिच्या वर्गातल्या मुलांच्या आया विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिच्या शेजारी बसून एक परिच्छेद ऐका. पहिल्या ओळीत 'प्रकाश' बरोब्बर वाचेल, तिसऱ्या ओळीत तोच शब्द आला की अडेल, कधी 'परकाश', कधी नुसतं पहिलं अक्षर बघून 'प्रवास' म्हणून मोकळी. ऐकणारा लगेच म्हणतो, अगं आत्ता तर वाचलंस की! लोकांना हा धांदरटपणा वाटतो, पण डिस्लेक्सियात नेमकं हेच होतं. आपल्याला चार-सहा वेळा पाहिलेला शब्द एका नजरेत ओळखू येतो, तिला तो पक्का व्हायला कितीतरी जास्त वेळा समोर यावा लागतो, तोवर दरवेळी अक्षर, मात्रा, जोडाक्षर सगळं नव्याने जुळवायचं. हा डोळ्यांचा दोष नाही, बुद्धीचा तर नाहीच नाही, अक्षर आणि आवाज यांची सांगड घालताना अडतं. एवढी ताकद त्यात गेली की ओळ संपेपर्यंत सुरुवात डोक्यातून निसटते आणि धड्यात काय आहे विचारलं की गप्प. तोच धडा मी वाचून दाखवला की असे प्रश्न काढते की मलाच उत्तरं शोधत बसावं लागतं.

1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरने पर्सी या 14 वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं, शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. तेव्हा एका मास्तरांना जे दिसलं ते अजून लोकांना दिसत नाही याचा मला खरंच राग येतो.

म्हणून आमच्याकडे इतिहास-विज्ञान कानाने, आणि वाचनाचा सराव वेगळा, रोज पण थोडाच, अक्षर बोटाने गिरवत आणि आवाज मोठ्याने काढत. दप्तर आवरायचा कंटाळा केला तर तो कंटाळाच, त्याला सूट नाही.

सगळ्यात अवघड काय सांगू, धाकटा भाऊ. तो घडाघडा वाचतो, ती अडली की पटकन शब्द सांगून टाकायचा आणि ही पुस्तक मिटून उठून जायची. त्याला वाटायचं आपण मदतच करतोय. आता ठरलंय, ताईने मागितला तरच शब्द सांगायचा. त्याला हे पाळणं जड जातं, ओठ घट्ट मिटून बसतो बिचारा.

तुमच्या घरी असं काही दिसत असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग मानसशास्त्रज्ञांकडून असेसमेंट, आणि जे कळेल ते मुलालाही सांगा. आमच्या लेकीने पहिलं काय विचारलं तर, म्हणजे मी ढ नाही ना?

आणि हो, हे बरेचदा घराण्यातही असतं. तिचं निदान झाल्यावर माझे दीर म्हणाले, वहिनी, माझंही अगदी असंच व्हायचं, आणि त्यासाठी मी शाळेत मार खाल्लाय. घरी आले की तिच्या वाचनाला हल्ली तेच बसतात, त्यांच्यासमोर ती बिनधास्त चुकते.